अर्धी मिशी, अर्धा तास

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं. एक तर गोष्ट माझी नाही, माझ्या मित्राची. दुसरं म्हणजे त्यात माझं वागणं काही मिरवण्यासारखं नाही. पण मित्रच म्हणाला, लिही, नावं तेवढी टाकू नकोस. म्हणून नावं नाहीत. बाकी सगळं जसं घडलं तसं.

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि भिंतीला भिंत लागून त्याचं सलून. वय सत्तावीस. हात गालावरून असा फिरतो की गिऱ्हाईकाला डुलकी लागते, म्हणून अख्खी गल्ली त्याला लोणी म्हणते. दुकान मूळचं त्याच्या बाबांचं. सहा-सात वर्षांपूर्वी बाबांचे हात थरथरायला लागले. सुरुवातीला थोडेच, कप बशीवर वाजण्यापुरते. मग एक दिवस कुणाच्या तरी गालावर लाल रेघ उमटली. कोणी भांडलं नाही, कोणी ओरडलं नाही. नुसती खुर्ची रिकामी राहायला लागली. लोणीने शिक्षण अर्ध्यावर सोडलं, वस्तरा हातात घेतला आणि एकेक गिऱ्हाईक परत आणलं. बाबा आता कोपऱ्यातल्या स्टुलावर पेपर वाचत बसतात. पेपर हलतो. कोणी तिकडे बघत नाही.

हे आधी सांगतोय, कारण लोणी नंतर जे खोटं बोलला ते का बोलला, ते याशिवाय कळणार नाही.

साथीचं दुसरं वर्ष होतं. समोरच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये लसीचं केंद्र सुरू झालं. पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवली, मधे एक टेबल, एक पडदा, बाहेर व्हरांड्यात लांब बाक. आणि एक नर्स. फिकट निळा कोट, डोळ्यांपर्यंत मास्क, आणि चाल अशी की उशीर झालाय पण धावणं शोभत नाही.

आता लोणीच्या दुकानाच्या दाराची काच. तिला काळा कागद चिकटवलेला. बाहेरून आरसा, आतून खिडकी. हे आत बसणाऱ्यांना माहीत, रस्त्यावरच्यांना नाही. त्यामुळे जाणारे-येणारे थांबून काचेत दात बघतात, पोट आत ओढून बघतात, एक जण तर रोज स्वतःला नमस्कार करतो. आतले लोक तोंड दाबून बसतात. फुकटचा तमाशा.

त्या सोमवारी सकाळी खुर्चीत मास्तर होते. निवृत्त, विज्ञानाचे. चाळीस वर्षांची झुपकेदार मिशी, वर्गातल्या पोरांना छडीपेक्षा तिचीच जास्त भीती. लोणी मिशीची कड सारखी करत होता. मास्तरांना नेहमीप्रमाणे डुलकी लागलेली. आणि काचेसमोर ती येऊन उभी राहिली.

इकडे तिकडे बघितलं. मास्क खाली ओढला. नाकावर मास्कचा वळ उठला होता, तो बोटाने चोळला. कपाळावरची एक बट कानामागे सारली, ती परत आली, परत सारली, परत आली... मग तिने स्वतःलाच जीभ काढून दाखवली.

बस. एवढंच.

वस्तरा जिथे थांबायला हवा होता तिथे थांबला नाही. लोणीने खाली बघितलं तर मास्तरांच्या तोंडावर अर्धी मिशी. उरलेली अर्धी टॉवेलवर, एखाद्या झोपलेल्या मांजराच्या पिल्लासारखी.

मास्तर जागे झाले. आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हळू आवाजात विचारलं, की हे काय आहे. कोपऱ्यातला पेपर हलायचा थांबला. बाबा बघत होते. हात थरथरला असं म्हणावं तर दुकान संपलं, लोक म्हणतील बापाचं पोराला लागलं. पोरीकडे बघत होतो म्हणावं तर आणखीच संपलं. आणि तोंडातून निघून गेलं:

"काल लस घेतली ना मास्तर... हात जरा जड झालाय."

घेतली नव्हती. इंजेक्शनचं नाव काढलं तरी त्याला घाम फुटायचा. पण कारण छान बसलं. मास्तरांनी मान हलवली, उरलेली अर्धी काढायला सांगितली, मास्क चढवला आणि गेले. बाबांनी सुस्कारा सोडून पेपर परत वर केला.

मास्तर विज्ञानाचे, म्हणजे जे बघितलं ते सांगणारे. त्यांनी चार जणांना सांगितलं, मास्क खाली करून पुरावाही दाखवला. आणि गल्लीच्या ग्रुपवर ते कोणी टाकलं? मी. लपवत नाही. 'लस घेतल्यावर आपल्या लोणीचा हात आखडला, मास्तरांची मिशी गेली, सर्वांनी विचार करून निर्णय घ्यावा.' खाली हात जोडल्याची तीन चित्रं. दुपारपर्यंत हाताचा खांदा झाला. संध्याकाळी लोणीची उजवी बाजू गेली होती. दुसऱ्या दिवशी एक बाई त्याच्या दुकानात येऊन त्यालाच विचारून गेल्या, की इथला कारागीर कुठल्या दवाखान्यात आहे.

गल्लीला तर काय, निमित्तच हवं होतं. कुणाला सुईची भीती, कुणाला तापाची, कुणाचा मेहुणा कुठेतरी काहीतरी वाचून बसलेला. आता सगळ्यांना एकच सोपं उत्तर मिळालं: लोणीचं बघितलंत ना?

बाक रिकामा व्हायला लागला.

गुरुवारी ती दुकानात आली. दार ढकलून आत. हातात एक फॉर्म. लस घेतल्यावर कोणाला त्रास झाला तर त्याची नोंद करून वर पाठवावी लागते, म्हणून आलेय, असं तिने सांगितलं. आवाज सरकारी, डोळे मात्र तसे नव्हते. लोणी एका गिऱ्हाईकाच्या गालाला साबण लावत होता, तो लावतच राहिला. त्या माणसाचं तोंड दिसेनासं झालं.

गल्लीत सगळे तिला सिस्टर म्हणायचे. लोणीची जीभ काही केल्या त्या शब्दाला वळेना. तो "बसा ना" म्हणाला आणि पुढे नुसताच खाकरला.

तिने विचारायला सुरुवात केली. तारीख? रविवार. रविवारी केंद्र बंद असतं. मग शनिवार असेल. किती वाजता? दुपारी. कुठल्या दंडावर? उजव्या, लोणी ठासून म्हणाला, कारण वस्तरा उजव्या हातात असतो. ती लिहायची थांबली. आम्ही डावा दंड मागतो, तिने सांगितलं. मग तीन पावलं जवळ आली आणि त्याच्या बाहीकडे बघत राहिली.

"मास्क होता ना," लोणी म्हणाला, "म्हणून तुम्हाला चेहरा आठवत नसेल."

"मी चेहरे बघतच नाही. दंड बघते." तिने मान तिरकी केली. "हा दंड मी पाहिलेला नाही."

लोणीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. साबणाखालचा माणूसही श्वास रोखून होता. तेवढ्यात कोपऱ्यातून बाबा बोलले. म्हणाले, नीट लिहून घ्या हो बाई, पोराचा हात म्हणजे आमचं पोट आहे. मी तर ठरवलंय, मी काही घेणार नाही. त्याच्यासारख्याचा हात थरथरला, मग माझा तर... आणि त्यांनी पेपर धरलेले हात पुढे केले.

ती त्या हातांकडे बघत राहिली. मग लोणीकडे बघितलं. फॉर्मची घडी घालून त्याच्या खिशात सारली आणि म्हणाली, राहिलेलं भरून पाच वाजता आणून द्या. एवढंच. बाबांसमोर एक शब्द जास्त नाही.

पाचला लोणी गेला. बाकावर कोणी नव्हतं. ती व्हरांड्याच्या पायरीवर हातमोजे काढून बसली होती. दिवसभर मोज्यात राहून बोटं पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतलेली.

"फॉर्म?"

"कोरा आहे."

"माहितीये." तिने बाजूची पायरी दाखवली. दोन हात सोडून, नियमाप्रमाणे. "हात थरथरला, हे तरी खरं का?"

"ते खरं."

"कशामुळे?"

लोणी पायरीवरच्या मुंग्या बघायला लागला. चांगल्या ओळीत चालल्या होत्या. "आमच्या दाराची काच आहे ना... ती आतून दिसते."

तिला कळायला दोन क्षण लागले. मास्कबाहेर फक्त कान आणि डोळे उघडे होते, त्यातले कान आधी लाल झाले.

"सगळं दिसतं?"

"जीभ काढली होतीत तुम्ही."

"अगं आई..." तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मास्कवरूनच. "आणि इतके दिवस कोणी सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबला नसता."

ती हसली असावी. डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या. पण मग ती बोलली तेव्हा आवाज वेगळा होता. एका बाटलीत दहा जणांची लस असते, तिने सांगितलं. बाटली उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. म्हणून दहा जण बाकावर बसल्याशिवाय ती उघडत नाही. आज नऊ आले होते. एक आजी काठी टेकत दोन चौक चालून आल्या होत्या. दुपारपर्यंत दहावं कोणी आलं नाही. नऊच्या नऊ परत पाठवले. शनिवारपर्यंत असंच राहिलं तर केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवणार, आणि तिलाही तिकडेच जावं लागणार.

लोणीने बाबांचं सगळं सांगितलं. कप-बशी, लाल रेघ, रिकामी खुर्ची. म्हणाला, खरं बोललो तर लोक म्हणतील याचाही हात गेला, आपोआप गेला. लशीवर ढकललं म्हणून निदान बरा होईल अशी आशा तरी आहे.

"मी कोणाला काही सांगणार नाही," ती उठत म्हणाली. "जीभ तुमची, वस्तराही तुमचा. फक्त एक सांगा. बाबांना काही झालं, तर या फॉर्मवर कारण काय लिहू?"

शुक्रवारी लोणीने सहा दाढ्या केल्या. दुपारी बाबांना खोकला आला. साधाच, पाणी पिताना ठसका लागल्याचा. पण लोणीने कात्री अर्ध्यावरच ठेवली. तो माझ्या दुकानात आला, स्टुलावर बसला आणि सगळं सांगून टाकलं. मी म्हणालो, अरे मग मी ग्रुपवर काय टाकून बसलोय. तो म्हणाला, तेच.

शनिवारी सकाळी दुकान भरलेलं होतं. मास्तर खुर्चीत, मिशीच्या जागी पाच दिवसांचे खुंट. लोणीने टॉवेल बांधला. वस्तरा उचलला, परत ठेवला. आणि आरशात बघत, म्हणजे एका वेळी सगळ्यांकडे बघत, बोलला.

"मी लस घेतलेलीच नाही. खोटं बोललो. हात लशीने नाही हलला. माझं लक्ष दुसरीकडे होतं."

मग मागून कोणीतरी विचारलं, दुसरीकडे म्हणजे कुठे? लोणीचे डोळे गेलेच, काचेतून पलीकडे, वाचनालयाच्या व्हरांड्याकडे. आणि दुकानातली सगळी डोकी एकदम तिकडे वळली.

"हात्तिच्या," मास्तर म्हणाले. "म्हणजे माझी चाळीस वर्षांची मिशी प्रेमप्रकरणात गेली."

हशा झाला. बाबा हसले नाहीत. स्टुलावरून उठले, लेकासमोर येऊन उभे राहिले. लोणीला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण बाबांनी त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही थरथरत्या हातांत धरला, उलटा-सुलटा करून बघितला, आणि विचारलं, म्हणजे तुला काही झालेलं नाही? नाही बाबा, तो म्हणाला. बाबांनी डोळे पुसले आणि मग एक शिवी हासडली. ती इथे लिहीत नाही.

पण लोक म्हणजे लोक. एक जण म्हणाला, आज खोटं बोलतोय की तेव्हा बोलत होता, काय सांगावं. दुसरा म्हणाला, तिच्यासाठी बोलत असेल. कुजबुज सुरू झाली. तेव्हा मास्तर साबण लावलेल्या तोंडाने उभे राहिले. म्हणाले, वाद नको, प्रयोग करू. हा आत्ता लस घेईल, आणि लगेच माझी दाढी करेल. उघड्यावर, सगळ्यांसमोर. रक्त आलं तर लस वाईट. नाही आलं तर सगळ्यांनी बाह्या वर करायच्या.

खुर्ची उचलून वाचनालयाच्या अंगणात नेली. एक पाय मी धरला होता. ती दारात आली आणि ही वरात बघून जागच्या जागी थांबली. मास्तरांनी तिला नियम समजावून सांगितले. बाकावर आधीच आठ जण होते, परवाच्या काठीवाल्या आजीसुद्धा. लोणी नववा. बाबा न विचारताच आजीशेजारी जाऊन बसले.

"दहा," ती हळूच म्हणाली, आणि बाटली काढायला आत गेली.

लोणीने डावी बाही वर केली तर गर्दीतून आवाज आला, डावा चालणार नाही, वस्तऱ्याच्या हातावर घे. तिने मान हलवली. उजव्यावर घेतली तर उद्या दुखेल, कामाचा हात आहे. दुखू दे, तो म्हणाला, आणि उजवी बाही खांद्यापर्यंत गुंडाळली. घाम कपाळावरून हनुवटीपर्यंत आला होता. तिने कापसाने दंड पुसला आणि विचारलं, लहानपणी कधी झाडावरून पडला होता का? तो म्हणाला, हो, दोनदा, एकदा तर... "झालं," ती म्हणाली. सुई ट्रेमध्ये होती.

मग वस्तरा. नवीन पातं लावलं. मास्तरांनी मान मागे टाकली, यावेळी डोळे टक्क उघडे. अंगणात साठ-सत्तर माणसं, भिंतीवर चार, आणि बरोबर समोर, चार पावलांवर, ती. हातात घड्याळ, डोळे लोणीवर.

लोणीने वस्तरा गालापाशी नेला. थांबला. परत नेला. परत थांबला. लशीची भीती गेली होती. खरी भीती समोर निळा कोट घालून उभी होती.

"तुम्ही..." तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "तुम्ही जरा आत जाता का?"

"नाही जाता येणार. टोचल्यावर अर्धा तास नजर ठेवायचा नियम आहे."

"अर्धा तास?"

"पूर्ण अर्धा तास," ती म्हणाली, आणि कपाळावरची बट कानामागे सारली. मुद्दाम. शपथेवर सांगतो, मुद्दाम.

अंगणात कोणीतरी शिट्टी मारली. मास्तर ओठ न हलवता म्हणाले, लेका, माझा गळा आहे हा, लवकर ठरव. लोणीने एक लांब श्वास घेतला. तिच्याकडे नीट बघितलं, चोरून नाही, काचेआडून नाही. बघून घेतलं. मग खाली बघितलं आणि हात चालवला. कानापासून हनुवटीपर्यंत एक पट्टी. दुसरी. गळ्याच्या घाटीवरून खाली, जिथे भले-भले थांबतात. नुसता वस्तऱ्याचा खरखर आवाज. तिसऱ्या पट्टीला मास्तरांचे डोळे मिटायला लागले. पाचव्या पट्टीला ते घोरत होते.

तुरटी फिरवली. मास्तरांनी गालावरून हात फिरवून बोटं बघितली, मग गर्दीला दाखवली. पांढरी स्वच्छ.

त्या दिवशी चार बाटल्या संपल्या. बाबांना टोचताना तिने त्यांचा हात स्वतःच्या गुडघ्यावर धरून ठेवला, आणि ते थरथरत असतानाच त्यांना पेपरातल्या बातम्या विचारत राहिली. केंद्र हलवायचा कागद आलाच नाही.

संध्याकाळी लोणी लशीचं कार्ड घ्यायला थांबला, सगळ्यांत शेवटी. अर्थात तसं काही कारण नव्हतं. कार्ड त्याला सकाळीच मिळालं होतं.

"दुसरा डोस अठ्ठावीस दिवसांनी," ती म्हणाली.

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत ताप आला तर गोळी घ्यायची. पाणी भरपूर प्यायचं."

"नाही... तोपर्यंत तुम्हाला भेटायला काही त्रास व्हावा लागतो का?"

तिने मास्क काढला. नाकावर वळ होताच. तो चोळला नाही. म्हणाली, मीसुद्धा त्या काचेपाशी उगाच नव्हते थांबत. आतलं दिसत नाही, पण कात्रीचा आवाज येतो, आणि कोणीतरी गुणगुणतं ते ऐकू येतं. मला बरं वाटायचं दिवस सुरू करायला. आता थांबायची लाज वाटते, तर दार उघडून आतच येत जाऊ का?

लोणी काय म्हणाला ते त्याला आठवत नाही. "बसा ना" म्हणाला असावा.

दुसऱ्या दिवशी दंड दुखला, बारीक तापही आला. गिऱ्हाईकांनी विचारलं तर जसंच्या तसं सांगायचा: दुखला, एक दिवस, उतरला. त्याने लोकांचा जास्त विश्वास बसला.

आता एवढंच राहिलंय. परवा, म्हणजे रविवारी, तिने त्याला घरी बोलावलंय, आईला भेटायला. आणि आई लस घ्यायला तयार नाही. सिस्टरची सख्खी आई. का, तर तिच्यापर्यंत कुठल्या तरी ग्रुपवरून एक बातमी पोचलीये, कुणा सलूनवाल्याची उजवी बाजू गेल्याची.

लोणी मघाशी माझ्या दुकानात येऊन बसला होता. म्हणाला, तू बरोबर चल, टाकलं तू होतंस, आईंना समोर बसून तूच सांग. मी म्हणालो, येतो की, त्यात काय. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, त्या म्हणाल्या, तुम्ही घेतली का हो, तर काय सांगशील?

मी स्क्रू शोधायला लागलो.

नाही घेतलेली. सगळ्या गल्लीने घेतली, खुर्चीचा पाय धरून मी उभा होतो, टाळ्या वाजवल्या, आणि गर्दीत हळूच मागे सरकत घरी गेलो. हे आजवर कोणाला बोललो नव्हतो. लोणी हसला नाही, ओरडला नाही. नुसता बसून राहिला, गिऱ्हाईकाची मान सरळ व्हायची वाट बघतो तसा.

म्हणून त्याला शब्द दिलाय, आणि हे इथे लिहून ठेवतोय, म्हणजे खोडता येणार नाही: उद्या सकाळी केंद्र उघडायच्या आधी मी बाकावर बसलेला असेन. डोळे मिटून, दात आवळून, पण बसलेला असेन.